लाल कापडाची खूण

माझ्या एका लाल कापडामुळे मालाचे दोन पडाव जोडलेली अख्खी बोट वाळूत रुतली, आणि तिचा कॅप्टन माझ्या पदरात पडला. आमच्या बोसांगी गावात ही गोष्ट अजून सांगतात आणि सांगताना हसतात. मीही हसायचे... गेल्या महिन्यापर्यंत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पाऊस नुकताच उघडला होता आणि मी काठावर कसाव्याचे कंद सोलत बसले होते. एकाएकी नदीतून घरघर ऐकू आली, मग माणसांचा आरडाओरडा, मग काहीच नाही. मान वर करून पाहिलं तर बोट तिरकी होऊन उभी, आणि छपरावरच्या कोंबड्या पाण्यात. थोड्या वेळाने एका होडीतून एक उंच माणूस उतरला. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत भिजलेली पँट. तरातरा चालत तो थेट माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“हे कापड कुणाचं?”

“माझं. का, हवंय?”

“मागच्या खेपेला ते त्या ताडाजवळ वाळत होतं.”

“तिथं शेळी खायला लागली, म्हणून इकडे आणलं. तुमची परवानगी काढायची राहिली बघा.”

मागे उभे असलेले खलाशी फिदीफिदी हसले. त्याने मात्र कपाळाला आठ्या घालायचा कसोशीने प्रयत्न केला. “पोरी, दोन वर्षं मी या कापडावर नजर ठेवून बोट वळवतोय. कापड आणि आंब्याचं झाड एका रेषेत आलं की डावीकडे. आजही आलं, मी वळलो — आणि थेट वाळूत!”

“दोन वर्षं माझ्या कापडावर नजर ठेवून आहात?” मी म्हणाले. “हे माझ्या आईला ठाऊक आहे का?”

आता मात्र त्याला हसू आवरलं नाही. त्याचं नाव लोकुली.

पाणी चढायला पाच दिवस लागले. बोटीवरची माणसं काठावर उतरली, चुली मांडल्या, बाजार भरवला. कॅप्टन रोज काहीतरी निमित्त काढून आमच्या दारात हजर. कधी मीठ हवं, कधी सुतळी. तिसऱ्या दिवशी त्याला निमित्तच सुचेना. बिचारा नुसताच उभा राहिला आणि पायाने माती उकरू लागला. आईने त्याला कसाव्याच्या पाल्याची भाजी आणि भाजलेला मासा वाढला. तो तीनदा मागून जेवला. भाजीत मी मीठ घालायला विसरले होते, हे मला मागून कळलं.

पाचव्या दिवशी भोंगा वाजला. तो निरोप घ्यायला आला.

“कापड परत जुन्या जागी लावशील?”

“आणि शेळी?”

“तिला मी घेऊन जातो.”

खरोखरच नेली! बें बें करणारी शेळी खांद्यावर टाकून तो होडीत बसला. पुढच्या खेपेला परत आला तो चार शेळ्या, एक कोयता आणि माझ्या बापासाठी नवी टोपी घेऊन. सोबत त्याचे दोन काका होते. बाप टोपी घालून आरशात बघत असतानाच काकांनी मागणी घातली.

लग्नानंतर मी त्याला कॅप्टनच म्हणायचे, पण अरेतुरे करून. खालच्या म्बांडाका बंदरात माल चढवा-उतरवायला तीन दिवस लागत. दुसरे कॅप्टन तिथल्या गुत्त्यांत बसत, हा होडी करून दुपारपर्यंत घरी. आल्या आल्या पाणी भरायचा, पोरांना आंघोळी घालायचा, स्वतःचे शर्ट स्वतः धुवायचा. शेजारणी मला म्हणायच्या, “कॅप्टन आणलास की मोलकरीण?” आम्हाला पाच मुलं झाली. थोरलीचं नाव एयेंगा. तिच्या वेण्या घालायची याला हौस भारी, पण हात जाडजूड. मग बोटीवर सवड मिळाली की दोरांच्या टोकांच्या वेण्या घालत बसायचा. खलाशी हसत. एयेंगाच्या वेण्या हळूहळू सरळ यायला लागल्या.

आणि मी कापड धरायचे. बोट नदीने वर किसांगानी शहराकडे निघाली की आमच्या वळणावर यायच्या आधी लांबून भोंगा द्यायची. हातातलं काम टाकून मी ताडाजवळ धावायचे. दोरीवरचं कापड वाऱ्याने गुंडाळलं जायचं, म्हणून मागे उभी राहून त्याची दोन्ही टोकं ताणून धरायचे. पोटुशी असताना धरलं. तापाने फणफणले असताना धरलं. आईला माती देऊन आले त्या दिवशीही धरलं. कापडाआडून घरघर सुखरूप पुढे गेलेली ऐकली की मगच श्वास सोडायचा.

“सगळ्यांच्या बायका हात हलवतात,” तो एकदा म्हणाला. “तू काही कधी हलवत नाहीस.”

“माझ्या दोन्ही हातांत कापड असतं, कॅप्टन. पुन्हा वाळूत जाऊन बसशील म्हणून.”

“मग एकदा माझ्याबरोबरच चल ना... किसांगानीपर्यंत. सुकाणूशेजारी तुझ्यासाठी स्टूल करून घेतलंय. खास लाकडाचं.”

“आणि कापड कोण धरणार?”

“एयेंगा धरेल.”

“दहा वर्षांच्या पोरीच्या हातात तीनशे माणसांचा जीव देऊ?”

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नदीकडे पाहिलं आणि मिटलं. मग माझ्या नाकावर टिचकी मारून म्हणाला, “बरं. पुढच्या खेपेला.”

अशा पुढच्या खेपा किती झाल्या! दर वर्षी तो विचारायचा, दर वर्षी मी कापड पुढे करायचे. खरं सांगू? मला ते आवडायचं. माझं तर पावलोपावली त्याच्यावाचून अडायचं. त्याचंही माझ्यावाचून अडतं, एवढा एकच माझा रुबाब होता. तो मला सोडवत नव्हता.

दोन वर्षांपूर्वी तापाने त्याला धरलं. माझा हात छातीवर ओढून तो म्हणाला, “बोलुंबू, आता तरी चल.” मी म्हटलं, “बरा हो आधी, मग जाऊ.” तो आठव्या दिवशी गेला.

कापड मात्र मी लावतच राहिले. घरघर आता लांबून यायची; मला वाटलं, माझेच कान मंदावले. बोट तीच होती, फक्त कॅप्टन नवा — बोफेंदा. पंचवीस वर्षं माझ्या नवऱ्याच्या हाताखाली सुकाणू धरलेला माणूस. त्यालाही खूण लागणारच की.

गेल्या महिन्यात एयेंगाचा निरोप आला. किसांगानीला तिचं बाळंतपण, आई हवी. मी सुनेला ताडाजवळ नेऊन बजावलं, “ताठ धर. सुरकुती नको. मी बोटीत आहे, लक्षात ठेव.” होडीने म्बांडाका गाठलं. बोफेंदाने हाताला धरून मला वर नेलं.

“मामा, हे तुमचं स्टूल.” आमच्याकडे बाईला मानाने मामा म्हणतात, पुरुषाला पापा.

सुकाणूशेजारी ते होतं. पायाला दोरांच्या टोकांच्या वेण्या अजून बांधलेल्या. एवढ्या वर्षांत माझ्या कॅप्टनने त्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं म्हणे. कुणी नुसती टोपी ठेवली तरी पापा डोळे वटारायचे. मी बसले. बसायला इतकं सोपं होतं ते.

दुपारी आमचं वळण जवळ आलं. बोफेंदाने भोंगा दिला आणि बोट पलीकडच्या काठाकडे घेतली.

“अरे, तिकडे कुठे? गाव या बाजूला आहे!”

“खोल पाणी पलीकडून आहे, मामा.”

“कधीपासून?”

त्याने सुकाणू आणखी थोडं फिरवलं.

“बोफेंदा, मी विचारतेय.”

“एयेंगाताई रांगत होती तेव्हापासून. तो मोठा पूर आला ना, त्यात नदीने वाट बदलली. कापडाच्या खुणेचा त्यानंतर काही उपयोग नव्हता.”

“मग बोट आमच्या काठाने जायची ती?”

“पापा मुद्दाम न्यायचे. पुढे चार जण बांबू घेऊन पाणी मोजत उभे, इंजिन अगदी हळू, सगळ्यांचे प्राण कंठाशी. दोनदा रुतता रुतता वाचलो. मालकाची बोलणी खाल्ली, पण वाट काही सोडली नाही. म्हणायचे, ती उभी असते रे.”

“मला का नाही सांगितलं?” माझा आवाज चढला. “मी आले असते! पहिल्याच वर्षी आले असते मी!”

“मी म्हणालो होतो त्यांना, मामांना सांगून टाका, म्हणजे त्या मोकळ्या होतील. तर म्हणाले, ‘तापातसुद्धा ती माझी बोट सांभाळते. तिला कोणत्या तोंडाने सांगू की उगाच उभी राहतेस?’”

मला त्याचा असा राग आला... मेलेल्या माणसाचा येऊ नये इतका. एक शब्द, कॅप्टन! एक शब्द बोलला असतास तर! आणि मग स्वतःचा आला. तो दर वर्षी बोलतच तर होता. चल म्हणत होता. मी त्याच्या तोंडावर कापड धरत होते.

बोट वळणावर आली. मी उठून खिडकीशी गेले. आमचा काठ मी पाण्यातून कधी बघितलाच नव्हता. आंबा दिसला, ताड दिसला. आणि दोघांच्या मधे नखाएवढं लाल कापड, ताठ, एकही सुरकुती नसलेलं. खाली दोन पावलं, कडांना दोन मुठी.

सून दिसत नव्हती. तिचं तोंड कापडामागे झाकलं होतं.

वाळूतून, बांबू टोचत, बोलणी खात तो मला बघायला या काठाने यायचा. आणि सव्वीस वर्षं त्याला हेच दिसलं. कापड.

“बोफेंदा, थोडी जवळ घेतोस का?”

“रुतेल, मामा.”

“बरं... राहू दे.”

मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि हात हलवला. आधी एक, मग दोन्ही. गाव मागे पडेपर्यंत हलवत राहिले.

पलीकडून कुणी हात हलवला नाही. सुनेच्या दोन्ही हातांत कापड होतं.