शटरखाली काहीतरी आडवं पडलंय

ही खरी गोष्ट आहे. खोटी असती तर मला बरं वाटलं असतं.

जिच्या घरी हे घडलं ती नेत्रा माझी मामेबहीण. चंदीगडला सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात सर्जन आहे. सडलेले पाय, किडे पडलेल्या जखमा हे तिचं रोजचं काम. ड्रेसिंग उरकून येते, हात धुते आणि निवांत पोहे खाते. लग्नाच्या पंगतीत तिच्या शेजारी बसायला आमच्याकडे कुणी धजत नाही.

तीच नेत्रा मला फोनवर हे सांगता सांगता मध्येच उठली आणि ओकून आली.

म्हणून मी खरं मानते.

आणि ज्यांना भुतं रात्रीचीच लागतात, त्यांना आधीच सांगते. हे सगळं दिवसाउजेडी घडलं. याच जानेवारीत. धुकं इतकं होतं की समोरच्या बंगल्याचं गेट दिसत नव्हतं.

नेत्रा आणि तिचा नवरा शिशिर एका कोठीच्या, म्हणजे तिकडच्या बंगल्याच्या, पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतात. मालक परदेशात. खालचा मजला कुलूपबंद. खालचं गॅरेज मात्र यांच्याकडे. त्याला मोठं लोखंडी शटर, मोटरवर वर-खाली होणारं.

त्या दिवसांत घरात प्रश्न एकच होता. आईंना कुठे ठेवायचं?

आई म्हणजे शिशिरची आई, शैलजाताई. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. सांगलीला धाकट्या मुलाने वर्षभर त्यांचं केलं आणि मग दादाला फोन लावला, "आता तुझी पाळी." रविवारी तो त्यांना घेऊन येणार होता. जिना चढणं त्यांना शक्य नव्हतं.

शिशिर सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ आहे. उपकरणं, सेन्सर यांतला मोठा माणूस. त्याने तोडगा काढला. गॅरेजमध्येच आईची खोली करायची. पलंग, हीटर, मागे बाथरूम आहेच. जुनी मोटर काढून नवी बसवायची, मोबाइलवर चालणारी.

"बटण दाबलं की शटर वर. व्हीलचेअर थेट उन्हात," तो म्हणाला.

"आणि वर हॉलमध्ये का नको?" नेत्राने विचारलं.

"अगं, वास येतो. लोक येतात-जातात आपल्याकडे."

स्वतःच्या आईबद्दल हं हे. ऐकून माझ्या तर अंगावर पालच पडली. पण खरं सांगायचं तर नेत्राही तेव्हा गप्प बसली. तिलाही ते सोयीचंच होतं.

बलकार नावाचा फिटर आला. बडबड्या, हसरा. त्याने दुपारपर्यंत नवी मोटर चढवली. शटरच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन छोटे डबे लावले. एका डब्यातून किरण निघतो, दुसरा तो झेलतो. मध्ये मांजर आलं, मूल आलं, तर किरण तुटतो आणि खाली येणारं शटर परत वर जातं. कुणी चिरडू नये म्हणून.

शिशिरने मोबाइलवर बटण दाबलं.

शटर खाली आलं... आणि थांबलं.

परत वर गेलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

बलकारने डबे पुसले. धुक्याला शिव्या घातल्या. डबे बदलून नवे लावले. डब्यावरचा दिवा लालच. रस्ता मोकळा असेल तर तो हिरवा व्हायला हवा.

"सर जी, मशीन तो ठीक है," तो डोकं खाजवत म्हणाला. "ये कह रही है कि नीचे कुछ पड़ा है."

खाली काहीच नव्हतं. स्वच्छ फरशी.

"जुगाड कर देता हूँ," बलकार म्हणाला. "दोनों डिब्बे आमने-सामने बाँध के ऊपर टाँग देते हैं. इसको लगेगा रास्ता साफ है."

शिशिर नाकाने कांदे सोलणारा. जुगाड म्हटल्यावर त्याचा पारा चढला. "मैं देख लूँगा," म्हणत त्याने बलकारला वाटेला लावलं.

तेवढ्यात नेत्रा जिना उतरून आली. आणि शेवटच्या पायरीवरच थबकली.

वास...

कुजकट, गोडसर. ओल्या गादीचा, लघवीचा, आणि त्याखाली आणखी कशाचा तरी. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, उंदीर मेलाय. नेत्राने तो वास वॉर्डात शेकडो वेळा घेतला होता. महिनोन् महिने एकाच कुशीवर पडून राहिलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होतात. हाड दिसेपर्यंत. त्या जखमांचा वास होता तो.

"तुला येतोय का?"

"ग्रीसचा असेल," शिशिर म्हणाला. त्याचं लक्षच नव्हतं. तो रंगात आला होता.

त्याने दोन्ही डबे काढले. एका लाकडी पट्टीवर वीतभर अंतराने समोरासमोर बसवले. आणि ती पट्टी फरशीवरून सरकवायला लागला. दिवा हिरवा. हिरवा. हिरवा...

लाल.

त्याने तिथे खडूने खूण केली. पट्टी वर उचलली. वीत-दीड वीत उंचीवर दिवा परत हिरवा. म्हणजे जे काही होतं ते उभं नव्हतं. आडवं होतं.

"भारी आहे यार हे," तो पुटपुटला.

तो गुडघ्यांवर रांगत पट्टी फिरवत राहिला. दिवा लाल झाला की खूण. हिरवा झाला की पुढे. नेत्रा नाकाला पदर लावून बघत होती. हळूहळू खुणा वाढल्या. मग त्याने त्या जोडल्या.

आणि मागे सरकून स्वतःच्या कामाकडे कौतुकाने बघत राहिला.

त्याला काहीच दिसलं नाही. नेत्राला दिसलं.

कुशीवर पडलेलं माणूस. गुडघे पोटाशी घेतलेले. कोपर छातीशी दुमडलेलं. खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे सांधे असेच आखडतात, मग ते सरळ होत नाहीत. डोकं शटरच्या बरोबर खाली. तोंड बाहेर, रस्त्याकडे.

तिने वाकून त्या रेषेच्या आत तळहात टेकवला.

जानेवारीतली फरशी बर्फासारखी असायला हवी. तिथे ती कोमट होती...

आणि ओलसर.

नेत्राने हात झटकला आणि बाहेरच्या नळाखाली धरला. साबण लावला. परत लावला. ज्या हातांनी ती रोज पू साफ करते, त्या हातांची तिला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या बावा आंटींकडे गेली. आंटींनी चहा केला. नेत्राने सरळच विचारलं, आमच्या गॅरेजमध्ये पूर्वी कोण राहायचं?

"हाय, बीजी रहती थीं. मालिक की माँ." आंटी हसल्या. "बड़ी सफाई-पसंद फैमिली थी जी. बीजी खुद ही कहती थीं, मुझे नीचे ही अच्छा लगता है. गेट से रौनक दिखती है."

"चल-फिर लेती थीं?"

"ना जी. बिस्तर पे ही थीं."

"और गईं कैसे?"

आंटींनी बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "ठंड थी. उम्र भी थी... फैमिली शादी में गई हुई थी अमृतसर."

मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "शटर रिमोट वाला था ना बेटा. अंदर से खुलता नहीं था."

"किसी ने आवाज नहीं सुनी?"

आंटींनी बशीतलं बिस्किट उचललं, परत ठेवलं. सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. सगळी गल्ली मूग गिळून बसली होती. नेत्राने चहा तसाच ठेवला आणि उठली.

घरी येऊन तिने शिशिरला बीजींचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आई खाली राहणार नाहीत. त्या वर राहतील. हॉलमध्ये."

"तू डॉक्टर आहेस ना? भुताखेताच्या गोष्टी करतेस?"

"भूत सोड. तुझ्या आईला एका बंद शटरमागे ठेवायचंय तुला."

"मग तू धू तिचे चादरी-कपडे! पाहुण्यांना काय सांगायचं? हॉस्पिटल उघडलंय म्हणून?"

शिशिर तडक खाली गेला. काल ज्या जुगाडाची लाज वाटत होती तोच त्याने केला. दोन्ही डबे तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने बांधले आणि मोटरवर टांगले. दिवा हिरवा.

नेत्रा धावत मागे गेली. "शिशिर, नको..."

त्याने बटण दाबलं.

शटर खाली येऊ लागलं. सरळ, संथ, नवीन मोटरचा जराही आवाज नाही.

जमीन वीतभर राहिली आणि शटर अडलं.

मोटर कण्हली. शटर थरथरलं. आणि मग ते खाली दबत गेलं... पिकलेल्या फळावर पाय पडावा तसं. मऊ. ओलं. मध्येच काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज आला. आणि शटर जमिनीला टेकलं.

"झालं काम," शिशिर म्हणाला.

त्यानेही ऐकलं होतं. तरी म्हणाला, झालं काम!

त्याने शटर परत वर घेतलं. खालच्या रबरी पट्टीला काहीतरी चिकटलं होतं. पिवळट, चिकट, आणि त्यात दोन-चार लांब पांढरे केस. नेत्रा तिथेच, अंगणातल्या कुंडीत ओकली. शिशिरने बादलीभर फिनेल ओतलं, झाडूने खसाखसा घासलं, आणि वर येऊन दोनदा आंघोळ केली.

सकाळी धुकं तसंच होतं. शिशिर तिला खाली घेऊन गेला. त्याने डबे सोडवून परत शटरच्या दोन्ही बाजूंना बसवले होते.

दिवा हिरवा.

"बघ. काही नाही. गेलं." त्याला हसू आवरत नव्हतं. "रविवारी पलंग इथे लावू."

वास मात्र गेला नव्हता. फिनेलच्या खाली तो तसाच होता.

"पट्टी आण," नेत्रा म्हणाली.

"आता कशाला?"

"आण म्हटलं ना."

या वेळी पट्टी तिने स्वतः फिरवली. दारात हिरवा. मधोमध हिरवा. कालच्या खडूच्या खुणांमध्येही हिरवा. शिशिर मागे हाताची घडी घालून उभा होता. ती रांगत रांगत भिंतीपाशी पोचली...

लाल.

तिने खुणा केल्या. जोडल्या. तेच शरीर. तेच दुमडलेले गुडघे. पण आता ते भिंतीला अगदी चिकटून होतं. अंग चोरून, पाठ भिंतीत दाबून, जितकं आक्रसता येईल तितकं आक्रसून. मान मात्र विचित्र वळलेली. आदल्या दिवशी अशी नव्हती.

"ती सरकली," शिशिर हळूच म्हणाला. "घाबरून?"

नेत्राने मान हलवली. घाबरलेलं माणूस कोपऱ्यात जातं. हे तसं नव्हतं. त्या खुणा आणि दार यांच्यामध्ये आणखी एका माणसाला पडता येईल एवढी जागा मोकळी सोडलेली होती. गाडीच्या डब्यात नाही का कुणी नवीन आलं की बायका सरकून बसतात, तशी.

ती बाई आईंसाठी जागा करून देत होती.

शिशिर तोंडावर हात दाबून बाहेर पळाला.

रविवारी आई आल्या. शिशिर, त्याचा भाऊ आणि आंटींचा ड्रायव्हर, तिघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिना चढवला. आई एका बाजूने हसत म्हणाल्या, "अरं, हळू. वरात काढताय का काय माझी!" हॉलच्या खिडकीपाशी त्यांचा पलंग लागला. त्या दिवशी शिशिरने जन्मात पहिल्यांदा आपल्या आईची चादर बदलली. नाक न मुरडता.

"मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं गं," नेत्रा मला म्हणाली. "पण मी त्याचा चेहरा बघत होते. तो दर मिनिटाला जिन्याकडे बघत होता."

म्हणजे आईंना घरात जागा मिळाली ती मुलाच्या मायेने नाही. भीतीने मिळाली. मला विचाराल तर त्या गॅरेजमधल्या वासापेक्षा याचीच मला जास्त घाण वाटते.

मोटरची वायर त्यांनी काढून टाकली. शटर अर्धवट उघडं आहे, कुणी आत जात नाही. मोटर उतरवायला बलकारला परत बोलावलं होतं. तो गेटवरूनच नाक दाबून म्हणाला, "मैडम, किसी और को बुला लो." ते नक्की काय होतं, ते मला माहीत नाही. नेत्रालाही नाही.

पण भीती माणसाला फार दिवस पुरत नाही. धुकं गेलं, होळी झाली, ऊन चढायला लागलं. परवा जेवताना शिशिरने भाकरीचा तुकडा मोडला आणि सहज बोलावं तसं म्हणाला,

"वर आता फार तापायला लागलंय. आईला सोसायचं नाही. खाली गार असतं."

नेत्राच्या हातातला घास हातातच राहिला. तिने खिडकीकडे बघितलं.

आई जाग्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

तेव्हापासून मी रोज नेत्राला फोन करते. ती तिकडून हॅलो म्हणायच्या आत माझ्या तोंडून निघतं,

"आई वरच आहेत ना?"