उंबऱ्यातला खिळा

हे २०१८ च्या मे महिन्यात घडलं. परळच्या एका प्रसूतिगृहात, भर दुपारी. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे उभी होते.

पण आधी जुनं सांगायला हवं.

आम्ही डिलाईल रोडच्या चाळीत राहतो. माझं लग्न झालं तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजायचे. माझी थोरली जाऊ, लक्ष्मीवयनी, पोटुशी होती. होणाऱ्या बाळासाठी तिने पितळेचं बोंडलं आणलं होतं... तान्ह्याला पाजायची चोचीची वाटी. चिंचेने घासून लख्ख ठेवायची.

"माझा होऊ दे, मगे तुका देतंय गो," मला म्हणायची.

तिच्या पोटातलं पाणी आधीच वाहून गेलं. कळा येत राहिल्या, बाळ येईना. ती प्यायला पाणी मागत होती. अशा वेळी बाईला पाणी द्यायचं नाही, ही तेव्हाची रीत. सासूबाईंनी नुसते ओठ ओले केले.

इस्पितळात नेईपर्यंत दोघंही गेली.

अशी बाई परत येते म्हणतात. म्हणून सासूबाईंनी उंबऱ्यात खिळा ठोकला. बोंडलं माझ्या ट्रंकेच्या तळाशी गेलं. वयनीचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

तो खिळा माझ्या मुलाने, विनीतने, काढला. बाळ घरी येणार म्हणून नवा उंबरा बसवून घेतला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात सुनेला, आकांक्षाला, कळा सुरू झाल्या.

तिचंही पाणी आधीच गेलं होतं...

प्रत्येक कळेबरोबर मशीनवर बाळाचे ठोके मंदावत होते. टक... टक... आणि मग बराच वेळ काहीच नाही.

नम्रता डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, पाणी नाही म्हणून नाळ दबतेय. बारीक नळीने गर्भपिशवीत कोमट सलाईन सोडू, नाळ मोकळी होईल. नाही झाली तर सिझर.

पोटात असं पाणी घालता येतं... आमच्या वयनीला घोटभरही मिळालं नव्हतं.

सलाईन सुरू झालं. ठोके तरी मंदावतच होते.

तेवढ्यात बांगड्या वाजल्या.

आकांक्षाच्या हातात बांगड्या नव्हत्या. सिस्टरच्याही.

"आई, माझ्या पायाशी कोण बसलंय?"

कुणीच नव्हतं.

"हिरवं लुगडं नेसलीय... पाणी मागतेय."

मी माझ्या बाटलीतलं पाणी ग्लासात ओतलं. सिस्टर म्हणाली, "आजी, पेशंटला पाणी नाही द्यायचं. सिझर लागेल कदाचित."

"तिला नाही देत, बाई."

ग्लास पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवला.

"पी गो वयनी," मी हळूच म्हटलं. "पोटभर पी. पण हिचं बाळ राहू दे."

मशीन गप्प झालं...

मग टक टक टक टक. एकसारखं.

डॉक्टर म्हणाल्या, सलाईनने काम केलं. केलंही असेल.

मुलगी झाली. श्रेया. मी वाकून ग्लास उचलला. आत थेंब नव्हता. लादीही कोरडी होती.

नम्रता डॉक्टर आता सांगलीला असतात. आकांक्षाला त्या दुपारचं काही आठवत नाही. वयनीचे यजमान, कुशाबा भावोजी, पुन्हा लग्नाला उभे राहिले नाहीत. गावी एकटेच राहिले, एकटेच गेले. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचे, स्वतः त्यातलं पीत नसत.

खिळा मी पुन्हा ठोकू दिला नाही. संध्याकाळी उंबऱ्याबाहेर ग्लास ठेवते. सकाळी रिकामा असतो. विनीत म्हणतो, "मांजर पीत असेल, आई."

परवा श्रेया त्या ग्लासाशी उकिडवी बसली होती.

"आजी, ती चोचीची वाटी पण ठेव ना."

माझी ट्रंक तिने कधी उघडी पाहिलेली नाही.

"कुणाला गं?"

"ती म्हणते, त्याला ग्लासाने पिता येत नाही."

बोंडलं बाहेर काढलंय. पार काळं पडलंय. चिंच लावून घासतेय...

उंबऱ्यावर ठेवायला अजून हात होत नाही.