एका बिघाडाच्या दोन बातम्या

काम तसं फुटकळ होतं. नेटवर्क कार्ड बिघडलं की तशी बातमी द्यायची, एवढ्यासाठी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, थोडा कोड होता. आता मूळ सिस्टिमच ते काम करते, त्यामुळे एका बिघाडाची बोंब दोघं मारायचे. मला त्या जादा ओळी उडवायच्या होत्या. यात घाबरण्यासारखं काय आहे, सांगा!

ड्रायव्हर माझ्या दादाने लिहिलेला. गेल्या वर्षी ऑफिसच्या याच खोलीत काम करता करता तो गेला. आज ही साफसफाई झाली नाही तर अख्खा ड्रायव्हरच बाद होणार होता, म्हणजे दादाचं इथे काहीच उरणार नव्हतं.

"राहू दे गं," आमचे पांढऱ्या केसांचे साहेब हळूच म्हणाले. त्यांना आम्ही आजोबा म्हणतो. "हट्टाने घातल्यात त्याने त्या ओळी."

"मी काय कमी हट्टी आहे?"

ओळी काढल्या. बाहेर भर दुपार होती, पण त्या बिनखिडकीच्या खोलीत नुसती पंख्यांची घरघर आणि तापलेल्या धुळीचा वास. खोटा बिघाड घडवून बघायची आमची पद्धत. कळ दाबली. सिस्टिमची बातमी आली. पाठोपाठ दुसरी आली, दादाच्या शब्दांत: ‘कार्ड बिघडलं. बघा जरा.’

ते शब्द मी आत्ताच पुसले होते. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. या वेळी दादाची बातमी आधी आली. माझं बोट अजून कळीला लागलंही नव्हतं.

"परत टाक त्या ओळी..." आजोबा पुटपुटले. "ऐक माझं..."

"नाही टाकणार!" भीती वाटत होतीच, पण संताप जास्त होता. मी मशीनकडे वळले. "दादा, लहानपणी पलंगाखालून माझे पाय ओढायचास, तेव्हाही मी रडले नाही. एवढ्याशा ओळींसाठी तुझ्या सगळ्या कामावर पाणी सोडू? ओरड हवं तेवढं!" आणि बदल मंजुरीसाठी पाठवून दिला.

तो मंजूर झाला. ड्रायव्हर वाचला. मग मी मशीन बंद केलं, कार्डच उपसून हातात घेतलं आणि मशीन परत लावलं. कार्ड नसलं की ड्रायव्हर सुरूच होत नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आजोबा बिघडले. बघा जरा.’

आजोबा तर धडधाकट उभे होते. मी त्यांचा दंड धरला. "चला, आधी डॉक्टरकडे. आज दादाला खोटं पाडायचंय." त्यांना ओढत दाराबाहेर काढताना माझ्या लक्षात आलं... आजोबा हे नाव आम्ही त्यांना ठेवलं, ते दादा गेल्यानंतर.