बहात्तर लाख जूल गेले कुठं?

"कृष्णा, बादली धर रे! माझे हात गळाले!" सायली जिन्यातच बसली. सुट्टी लागल्यापासून ती खेळली कमी आणि पाणीच जास्त वाहत होती. गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत रिकामी व्हायची, खालचा हौद मात्र काठोकाठ!

खाली सोसायटीचे सेक्रेटरी सोमनाथकाका गरजत होते, "मोहियोद्दीनभाई, मोटर चालवता की डुलक्या काढता? हौद जसाच्या तसा! सोमवारपासून दुसरा वॉचमन बघतो!"

"चालवली साहेब. सकाळभर चालवली," मोहियोद्दीन थकल्या आवाजात म्हणाले.

त्यांची नात आमरीन डोळे पुसत जिन्यात आली. "मेरे दादा झोपत नाहीत! नोकरी गेली तर खोली पण सोडावी लागेल."

सायलीच्या अंगात उठायचं बळ नव्हतं, डोकं मात्र चालू होतं. "मोटरला वेगळा मीटर आहे ना? उद्या मोटर लावायच्या आधी बघू आणि नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी मोटर बंद होताच तिघं मीटरपाशी धावली. दोन युनिट पडले होते!

"बघा, मोटर चालली!" आमरीन ओरडली.

"थांब. एक किलो वजन एक मीटर उचलायला साधारण दहा जूल लागतात," सायली म्हणाली. "पंधरा लिटरची बादली, दहा मीटरवर गच्ची. झाले दीड हजार जूल."

"अन् एक युनिट म्हणजे छत्तीस लाख जूल! दोनाचे बहात्तर लाख!" कृष्णाचे डोळे विस्फारले. "अर्धे वाया गेले धर. तरी चोवीसशे बादल्या! अन् आपण दहा बादल्यांत आडवे!"

"एवढं काम झालंय, म्हणजे पाणी वर गेलंच. मग राहिलं का नाही?" सायली म्हणाली.

आमरीनच्या दादांनी पुन्हा मोटर लावली. तापलेल्या गच्चीवर तिघं टाकीत डोकावली. पाणी वीतभर चढलं आणि तिथंच थांबलं! बुडाजवळच्या एका पाइपातून ते गुपचूप निघून जात होतं. कृष्णानं कठड्यावरून वाकून पाहिलं. पाइप थेट हौदात उतरला होता.

"काका, हा पाइप कोणी बसवला?" त्यानं वरूनच खाली ओरडून विचारलं.

"मीच बसवून घेतला," काका धापा टाकत वर आले. "नळाला आठवड्यानं पाणी येतं इथं! टाकी भरून सांडलेलं पाणी हौदात परत जावं म्हणून."

"व्हय, पण तो वरच्या काठाशी पाहिजे! हा तर बुडाशी हाय!" कृष्णा म्हणाला.

काका वाकून बघतच राहिले. "प्लंबर गेल्यावर वर येऊन बघायचा मी कंटाळा केला. शाबास पोरांनो! जे आम्हाला दिसलं नाही ते तुम्ही शोधलंत."

खाली येऊन ते म्हणाले, "भाई, सोमवारचं विसरा. तुम्हीच इथं राहायचं. पण तुम्ही ठणकावून सांगायचं तरी!"

"रोज सांगत होतो, साहेब," मोहियोद्दीन स्टुलावर टेकत म्हणाले. "आज पोरांनी हिशेब केला, म्हणून ऐकलंत."

सायलीला फार वाईट वाटलं. काकांनी मान खाली घातली. "चुकलं माझं, भाई," ते म्हणाले.