न सांगायचा शब्द

नवरा स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचा आणि उरलेलं बोलून घरी बायकोचं डोकं खायचा. मेंदूच्या झटक्यानंतर त्याच्याकडे एकही शब्द उरला नाही. मग बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रांचे पत्ते घेऊन घरी येऊ लागल्या. त्यांचा नियम एकच होता: जो शब्द त्याला सापडत नाही, तो घरात कुणीही उच्चारायचा नाही.

“आयता मिळाला की मेंदू आळसावतो,” बाई म्हणाल्या. “थोडं तळमळू द्या त्यांना.”

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, स्वभावाने काटेकोर. तिने नियम पाळला आणि बडबड्या लेकीला, चिंगीलाही पाळायला लावला. कप आला, खिडकी आली. खुर्ची काही केल्या येईना.

एकदा जेवताना चिंगीने विचारलं, “आई, तू हल्ली उभ्यानेच का जेवतेस?”

बायकोला प्रश्नच कळला नाही. जेवतात ते उभ्यानेच ना? गुडघे मात्र काळेनिळे पडले होते. टेबलापाशी काहीतरी टणक लागायचं. वाकून बघावं तर तिथे काहीच नसायचं. तिने मलम चोळलं आणि कामाला लागली.

मग एका दुपारी नवरा घाम गाळत म्हणाला, “खुर्ची.”

टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या काळ्यानिळ्या गुडघ्यांकडे.

बाईंनी खुशीत पुढचा पत्ता ठेवला. त्यावर चिंगीचा फोटो चिकटवलेला होता.

“हा नको,” बायको म्हणाली.

“अहो, लेकीचं नाव सगळ्यात लवकर येतं.”

नवऱ्याचे ओठ हलले. शब्द आला नाही. चिंगी काही बोलणार, तोच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

बायकोने ठरवलं, नियम गेला खड्ड्यात. बाईंची पाठ वळली की नाव घ्यायचं, मोठ्याने घ्यायचं. बाईंना दारापर्यंत सोडताना ती मनातल्या मनात ते घोकत होती.

दार लावून ती परतली. काहीतरी करायचं होतं. काय, ते आठवेना.

तिने दोन ताटं घेतली.

नवरा रडत होता. तिच्या कमरेशेजारी बोट दाखवत होता, तोंड उघडत होता, मिटत होता.

“काय हवंय?” तिने विचारलं.

तिची बाही कशाला तरी अडकली होती, सारखी ओढली जात होती. खिळा वर आला असेल, असं म्हणत तिने हिसका देऊन सोडवली.

बाही ओली होती.