उजवीकडे ऐका

भुताखेतांना मी भीक घालत नाही. बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. घाबरवायला जिवंत आईबाप पुरेसे असतात. पण त्या दुपारचं सांगते, मग तुम्हीच ठरवा.

सहा वर्षांची पोर, जुना दमा. सकाळपासून तीनदा मशीनची वाफ दिली तरी धाप उतरेना. फाईल ही एवढी जाड! अशी फाईल दिसली की आम्ही छाती ऐकायच्या आधीच औषध भरतो. मीही चौथ्यांदा भरायला घेतलं.

"थंडीत असंच होतं हो हिला," आई म्हणाली. ओठ निळसर पडत चालले होते पोरीचे.

पोरीनं मास्क बाजूला सारला. "ही ताई म्हणते... उजवीकडे ऐका..."

शेजारची खाट रिकामी होती. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

"कोण ताई, बाळा?"

"तिचं... कुणी ऐकलंच नाही... म्हणते."

तीन वर्षांपूर्वी त्याच खाटेवर एक दमेकरी मुलगी होती. तिलाही मी वाफेवर वाफ देत राहिले. उजव्या फुप्फुसात मणी अडकला होता, हे ती गेल्यावर कळलं. चूक माझी होती. आजवर कुणाजवळ बोलले नाही.

स्टेथोस्कोप लावला. डावीकडे शिट्ट्या. उजवीकडे... काहीच नाही.

"डॉक्टर!" मी अशी ओरडले की ते चहा टाकून धावले. तासाभरात दुर्बिणीची नळी घालून त्यांनी पेनाचं टोपण बाहेर काढलं. पोर वाचली. आईनं माझे पाय धरले, तेव्हा लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी पाळी संपवताना टेबलाशी बसले. स्टेथोस्कोप कानातच राहिला होता. चकती हवेत लोंबत होती, कशालाच टेकलेली नव्हती. तरी श्वास ऐकू येत होता. लहान मुलीचा, घाईघाईचा. फक्त डाव्या कानात.

"ऐकतेय गं बाळा," मी पुटपुटले. "चुकलं माझं..."

श्वास तुटत तुटत थांबला.

आता रोज पाळी संपली की ऐकते. रोज तो तसाच थांबतो. काल मात्र तो थांबल्यावर मागून आणखी एक आला... मोठ्या बाईचा, अगदी माझ्यासारखा. आणि तिलाही धाप लागली होती.