गाडीचा वाटा

खैरुद्दीनची कुबरा ताडपत्र्या शिवायची. बर दुबईत खाडीजवळ तिच्या बापाचं लहानसं दुकान होतं, लॉरीवर टाकायच्या ताडपत्र्यांचं, आणि आई गेल्यापासून ती जाड सुई कुबराच्याच हातात आली होती. गोष्ट एकोणीसशे चौसष्टची. त्या दुपारी वारा असा सुटला होता की डोळे उघडायची सोय नव्हती. त्या धुळीतून एक उंच तरुण खांद्यावर फाटकी ताडपत्री घेऊन आत शिरला आणि थेट तिच्या सुयांच्या डब्यात पाय घालून बसला.

"माफ करा… दिसलं नाही."

"दिसत नाही, आणि लॉरी चालवता?"

"लॉरीला आहेत ना दोन डोळे. मोठे मोठे."

झालं. हसू दाबायला कुबराला ओढणीचं टोक तोंडात धरावं लागलं.

हा इद्रीस. रत्नागिरीकडचा. एका जुन्या बेडफर्ड लॉरीचा मालकही तोच आणि ड्रायव्हरही तोच. दुबईतून सिमेंट नाहीतर तांदूळ भरायचा, डोंगरातल्या कोरड्या नदीच्या दगडगोट्यांतून दोन दिवस हाडं खिळखिळी करत फुजैरा गाठायचं, आणि येताना लिंबं, सुकी मासळी आणायची. डोक्यावर शेठ नव्हता, तसं पाठीशीही कुणी नव्हतं.

पंधरा दिवसांत ताडपत्री पुन्हा फाटली. मग पुन्हा. चौथ्या वेळी कुबराने ती उजेडात धरली.

"ही फाटलेली नाही. कापलेली आहे."

"काट्यात अडकली असेल…"

"काटा इतका सरळ चालतो होय?"

इद्रीसचे कान लाल झाले. "मग पुढच्या खेपेला… न फाडताच येऊ?"

"या की," सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "लिंबं तेवढी घेऊन या."

प्रेम म्हणतात ते हेच असावं, दुसरं काय! तो आला की दुकानात लिंबांचा वास भरायचा आणि कुबराचे टाके वाकडे पडायचे.

खैरुद्दीन काही आंधळा नव्हता. त्याने इद्रीसला चहा पाजला आणि सरळ सांगितलं, "मुलगी देईन. पण गाडी सहा महिने उभी राहिली तरी चूल विझता कामा नये. सातशे रुपये बाजूला टाकून दाखव." तेव्हा दुबईतही रुपयाच चालायचा.

"दाखवतो, चाचा."

खैरुद्दीनच्या गावी कोकणात मासळीचे वाटे पडतात, तेव्हा खलाशांबरोबर होडीचाही एक वाटा निघतो. होडीचं सुकाण मोडो, शीड फाटो, त्याच वाट्यातून दुरुस्ती. माणसाने तो खायचा नाही. खाल्ला की बरकत गेली, असं पक्कं मानलेलं. कुबराने बेडफर्डलाही तोच कायदा लावला. दर खेपेला इद्रीस बिस्किटाच्या डब्यात गाडीचा वाटा टाकायचा आणि डबा कुबराकडे असायचा. त्यातून टायर आले, स्प्रिंग आली, तरी डबा भरत गेला. हळूहळू इद्रीस आपलं खाणंपिणं तोडूनही त्यातच टाकू लागला. सगळं गाडीच्या नावावर. स्वतःच्या नावावर एक पैसा नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात डब्यात साडेसहाशे झाले. आणि फुजैराच्या वाटेवर जॅक घसरला. लोखंडी पट्टी इद्रीसच्या पावलात आरपार गेली.

डॉक्टर म्हणाले, चार आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही. म्हणजे बदली ड्रायव्हर ठेवायचा आणि घरी बसून खायचं. कशातून? कुबरा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"यातलं घ्या ना…"

"तो गाडीचा वाटा आहे. गाडी कुठे मोडलीय?" तो हसला. "पन्नासच राहिलेत, कुबरा. दोन खेपा."

तिने एकदा झाकण उघडलं. आणि लावलं. लहानपणापासून शिकवलेलं मन, वाट्याला हात लावायला तेही धजेना. पुढे आयुष्यभर तिला त्या झाकणाचा राग येत राहिला.

इद्रीसने त्या दोन खेपा केल्या. सातशे भरले. आणि पाय काळा पडला. तो घोट्याच्या वर कापावा लागला.

बेडफर्ड त्याच वाटेवर लॉरी चालवणाऱ्या हमदुल्लाने विकत घेतली. गाडी ठणठणीत होती, कुठे खरचटलेलंही नव्हतं. खैरुद्दीन डबा घेऊन इद्रीसच्या खाटेशी गेला नि रडला. "अट मी घातली रे. घाल खड्ड्यात ती अट. निकाह लावून देतो."

"मी शिवते, चूल पेटेल," कुबरा म्हणाली.

इद्रीसने दोघांना नाही म्हटलं. बायकोच्या सुईवर जगणारा नवरा त्याला व्हायचं नव्हतं. वेडाच तो.

त्याला गावी नेणारी मुंबईची बोट समुद्रात लांब उभी होती. धक्क्यावरून तिथवर लाँच जायची. कुबऱ्या सावरत इद्रीस हळूच म्हणाला, "अब्बा बघतील त्याच्याशी लग्न कर. माझं नावसुद्धा काढू नकोस."

"दोन वर्षांत कधी घेतलंय तुमचं नाव?"

नवऱ्याचं नाव बायको घेत नाही, हे दोघांच्याही गावात शेंबड्या पोराला माहीत असतं.

"मग आता घे," तो म्हणाला. "एकदाच. चारचौघांत. म्हणजे तू मोकळी."

तिने मान हलवली. "घेते."

यल्ला, यल्ला, चला लवकर, करत माणसं लाँचमध्ये उतरत होती. हमदुल्लाने इद्रीसला उचलून आत बसवलं. यादी घेतलेला कारकून धावत आला आणि समोर दिसली म्हणून कुबरालाच विचारलं, "बाई, तो लंगडा पॅसेंजर, नाव काय त्याचं?"

लाँचमधून इद्रीस तिच्याकडेच पाहत होता. कुबराने तोंड उघडलं. ओठ हलले… मग ती ओढणी डोक्यावर नीट घेऊन बापाकडे वळली.

"अब्बा, तुम्ही सांगा."

खैरुद्दीनने मुलीकडे पाहिलं. मग खाकरून त्याने जावयाचं नाव सांगितलं, आणि कारकुनाने ते लिहून घेतलं.